ओली लोकर

पहाटेचा उजेड आभाळातून उतरत नाही, तो मातीतून हळूहळू वर येतो, असे त्या दिवसांत मला वाटत असे. मी पालथा पडलो होतो. हनुवटी जमिनीला टेकलेली, दोन्ही हात कुशीला, आणि नजर पठाराला लागून लांबवर गेलेली. प्रथम सगळे राखेच्या रंगाचे होते. दगड आणि दगडाची सावली यांत भेद नव्हता. मग कुणी नाजूक हाताने एकेक दगड उचलून वेगळा ठेवावा तशा त्यांच्या कडा दिसू लागल्या. एक काटेरी झुडूप उभे राहिले. त्याच्या मागे दुसरे. पूर्वेला कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, जांभळट पदर उमटला आणि कसलीही घाई नसल्यासारखा पिवळा होत गेला. खडे आपापल्या लांब सावल्या घेऊन बसले. एक मुंगळा माझ्या नाकासमोरून निघून गेला आणि त्याच्या पायांनी उडालेली धूळही मला दिसली. रोजच्यासारखीच सकाळ होती. तिच्यात अशुभ असे काही नव्हते, आणि मला जे हवे होते तेही नव्हते.

मला हवा होता वाफेचा एक बारीक धागा. जिथे जमिनीखाली पाणी असते तिथे सूर्य वर येण्याआधी दमट वाफ मातीतून वळवळत निघते. उभ्या माणसाला ती दिसत नाही, पालथ्या पडलेल्याला दिसते. हनुवटी टेकवायची ती एवढ्यासाठी, की नजर भलत्या उंचीवर भटकू नये. हे मला माझ्या थोरल्या भावाने, मानियुसने शिकवले होते.

आम्ही रोमचे सैनिक होतो. ऐंशी जणांची एक तुकडी, नुमिडियाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखातून मुख्य सैन्याकडे परत निघालेली. मुक्कामाला पाणी शोधायचे आणि ते सर्वांआधी चाखून बघायचे, हे मानियुसचे काम. मागे एका दगडी कुंडाचे पाणी त्याने चाखले, गोड म्हटले, पुढच्या रांगेतले लोक प्यायले, आणि मग गाळ ढवळला तेव्हा तळाशी कुणी मुद्दाम टाकलेली मेलेली शेळी सापडली. बाकीचे लोक चार दिवस पोट धरून चालले आणि सावरले. काही खेचरे दगावली. मानियुस मात्र उठला नाही. त्याचा ताप उतरेना, पोट थांबेना, आणि त्याच्या जागी आता मी मातीला हनुवटी टेकवत होतो.

त्या कुंडानंतर आमचा शतनायक पान्सा याने साध्या पाण्यावर बंदीच घातली. जे काही पाणी मिळेल ते आधी निवळू द्यायचे, लोकरीतून गाळायचे आणि त्यात आंबलेले द्राक्षमद्य मिसळायचे. त्या मिश्रणाला आम्ही पोस्का म्हणत असू. चव ओठ वाकडे करणारी, पण पोटाला ते बाधत नसे आणि तहान भागे. छावणीतल्या प्रत्येक पखालीत, प्रत्येकाच्या कमरेच्या पिशवीत तेव्हा पोस्काच होता. साध्या पाण्याचा थेंब कुणाजवळ नव्हता.

आदल्या सायंकाळी पान्साने सर्वांना गोळा केले होते. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. द्राक्षवेलीची काठी हातात उगीच फिरवत बोलायचा.

"सर्वियुसने लोकर पुरली आहे," तो माझ्याकडे काठी दाखवत म्हणाला. "सकाळी ती ओली निघाली तर इथे थांबू. विहीर खणू, आजारी माणूस उठेपर्यंत राहू. कोरडी निघाली तर उन्हं येताच नदीकडे निघायचं. मध्ये मुक्काम नाही. पखालींत आहे ते चालणाऱ्यांपुरतं आहे."

त्याने नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. ऐंशी माणसांत न चालू शकणारा एकच होता.

वाफ दिसली नाही तरी लोकर उरली होती. सूर्यास्ताला छातीइतका खोल खड्डा खणायचा, तळाशी मेंढीची कोरडी लोकर ठेवायची, वर फांद्या आणि माती. पाणी जवळ असेल तर रात्रीत त्याचा ओलावा लोकरीत चढतो. पिळली आणि धार लागली, तर खणणाऱ्यांचे कष्ट वाया जात नाहीत. मी उठलो, अंगाची धूळ झटकली. मागून करकर वाजणाऱ्या चपला आल्या. आमच्याच तंबूतला स्कायवा होता, डावखुरा, तोंडाळ, पहारा संपवून आलेला.

"झालं का मातीचं चुंबन?" तो म्हणाला. "काय म्हणाली? आवडलास का?"

"काही दिसलं नाही."

"माझ्याकडे बघूनही बायका अशाच गप्प बसतात. म्हणून घरात नसतात असं नाही. चल, लोकर काढ."

आम्ही फांद्या बाजूला केल्या. खड्ड्यात उतरून मी लोकर उचलली आणि माझ्या हाताला गार लागले. पिळली. पाणी निघाले. धार नव्हती, पण बोटांमधून ठिबकले, मनगटावरून ओघळले. वर उभ्या असलेल्या स्कायवाने आनंदाने शिवी हासडली.

"अरे, जिंकलास! जिंकलास तू, माती खाणाऱ्या! जातो, मानियुसला सांगतो..."

"थांब."

मी लोकर नाकाशी धरली होती. मग ती वर त्याच्या हातात दिली. त्याने हुंगली आणि त्याच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी राहिले, नुसते त्यातले हसणे निघून गेले.

"दंव असेल," तो म्हणाला.

"दंव आंबलेलं असतं का?"

लोकरीला पोस्काचा वास होता. रात्री कुणीतरी फांद्या सरकवून आपली पिशवी त्या खड्ड्यात रिकामी केली होती. मी खालच्या मातीत बोटे खुपसली. वरचा थर ओला. दोन बोटांखाली कोरडी, उबदार, पिठासारखी माती.

"कोण असेल?" मी विचारले.

स्कायवा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "मला काय विचारतोस? पान्साकडे जाण्याआधी भावाकडे जा. एवढं तरी कर."

तंबूचे चामडे एका बाजूने वर बांधले होते. मानियुस जागा होता. त्याचे गाल आत गेले होते आणि डोळे मोठे झाले होते, लहानपणी आजारपणात माझे होत तसे. त्या वेळी तो माझ्या उशाशी बसून मला आमच्या डोंगरातल्या झऱ्याच्या गोष्टी सांगत असे. झरा रात्री कुठे झोपतो, सकाळी कुठून उठतो.

"आलास? वाफ दिसली?"

"नाही, दादा."

"आणि लोकर?"

"ओली आहे."

त्याने डोळे मिटले. "बरं झालं," तो हलकेच म्हणाला.

"पोस्काचा वास आहे तिला. कुणीतरी ओतलंय."

त्याने डोळे उघडले नाहीत. बाहेर एक खेचर मान झटकत होते, त्याच्या गळ्यातली कडी वाजत होती. ती थांबल्यावर त्याने विचारले,

"फार येतो वास?"

"नाकाशी धरली तर येतो."

"पान्सा नाकाशी धरणार नाही. तो हात लावून बघेल."

"हो."

"मग?"

"इथे पाणी नाही, दादा. खाली माती कोरडी आहे. दोन दिवस सगळे खणत बसतील, पखाली संपतील, आणि मग नदीपर्यंत जायचं बळ कुणातच राहायचं नाही." मी बोलत होतो आणि माझाच आवाज मला एखाद्या परक्या, शहाण्या माणसाचा वाटत होता. "पण तू सांगशील ते मी करीन. तू म्हण, मी काही बोलत नाही."

आता त्याने माझ्याकडे पाहिले. मी पडलो की धावत येऊन तो असाच बघायचा. खरेच लागले आहे की नुसताच घाबरला आहे, हे ठरवत. मग त्याने सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली.

"मला कशाला विचारतोस रे? लोकर तुझी, नाक तुझं."

"दादा..."

"जा. सांगून टाक."

मी पान्साला सांगितले. त्याने लोकर घेतली, हुंगली नाही, माझ्या तोंडाकडे बघून त्याला पुरेसे कळले असावे. तुकडी रांगेत उभी झाली. ओली लोकर वर धरून त्याने विचारले, "हे कुणाचं?"

मग स्कायवा एक पाऊल पुढे आला.

"माझं, नायक. मी ओतला पोस्का."

"का?"

"पाय दुखत होते. म्हटलं दोन दिवस बसायला मिळेल."

रांगेत कुणीतरी हसले. पान्सा हसला नाही. त्याने स्कायवाकडे पाहिले, मग तंबूकडे, मग पुन्हा स्कायवाकडे, आणि काठी उचलली. फटके पाठीवर बसत होते तेव्हा स्कायवा दर फटक्याला "धन्यवाद, नायक" म्हणत होता आणि मला त्याची चीड येत होती. याच्या खोडीपायी माझ्या भावाच्या जिवाची आशा घटकाभर वाढली आणि मग माझ्याच तोंडून मोडावी लागली, असे मला वाटत होते.

"मी मागे राहतो," मी पान्साला म्हणालो. "भावाजवळ."

"नाही."

"नायक, तो एकटा..."

"त्याच्यानंतर पाणी पारखणारा तू एकटा आहेस. नदी आटलेली निघाली तर? तू इथे बसलास तर या सगळ्यांना कुणाच्या भरवशावर नेऊ?" मग त्याचा आवाज उतरला. "नदीवरून खेचर पाठवीन. तूच घेऊन ये."

कापडाची झोळी करून त्याला उचलून न्यावे असे आमच्या तंबूतल्यांनी ठरवले होते. मानियुसनेच ते मोडले. "तुम्हांला स्वतःचे पाय उचलत नाहीत," तो म्हणाला. "वाटेत चौघे आडवे व्हाल आणि माझ्या नावाने बोंबलाल. नेऊन ठेवा मला त्या खडकाखाली. सावली आहे, पोस्का आहे, झोपतो." लोकांनी त्याच्या हाताला हात लावले. कुणीतरी आपली पिशवी त्याच्याजवळ ठेवली, मग आणखी एकाने. तो हसत होता. मी शेवटी गेलो. त्याने माझी मान धरून कपाळ कपाळाला टेकवले आणि म्हणाला, "नदीच्या कडेचं पाणी भरू नकोस. वाळूत खड्डा घे." एवढेच तो माझ्याशी बोलला. मी हो म्हणालो.

त्या चालीचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही. पायांच्या चपलांतले खिळे तापत होते, आणि कुणाच्या पिशवीत किती पाणी डुचमळते आहे हे शेजारच्याला चालता चालता कळत होते. ऊन वर आले, डोक्यावर थांबले, मग आमच्या मागे लागले आणि मावळले. चांदण्यातही आम्ही चालत होतो. दुसऱ्या दिवशी उजाडताना नदी दिसली: रुंद वाळवंट, आणि त्याच्या मधोमध मातकट पाण्याची एक बारीक दोरी.

लोक धावले. पान्सा आडवा आला. काठी आडवी धरून, घशातून शब्द फुटत नसताना तो ओरडत होता, "कुंड आठवा! कुंड आठवा!" आणि त्या एका शब्दाने माणसे खरोखर थांबली. खेचरे खालच्या अंगाला नेली. वरच्या अंगाला, काठापासून हातभर दूर, मी वाळूत खड्डे घेतले. त्यांत पाणी पाझरून यायला वेळ लागतो. पहिले गढूळ येते, ते उपसून टाकायचे, दुसरेही टाकायचे, मग निवळ येते. सगळी माणसे त्या खड्ड्यांभोवती गुडघ्यांवर बसून पाणी चढताना बघत होती. तेवढी शांतता मी कुठल्या देवळातही ऐकलेली नाही.

निवळ पाण्याच्या पहिल्या दोन पखाली पान्साने मला दिल्या. खेचर दिले, आणि सोबतीला स्कायवा. त्याची पाठ काळीनिळी झाली होती. मी त्याला क्षमा केलेली नव्हती.

खडक दिसण्याच्या पुष्कळ आधी आम्हांला मानियुस दिसला.

तो वाटेत होता. पालथा, हनुवटी मातीला टेकलेली, दोन्ही हात पुढे. त्याचे तोंड नदीकडे होते. कोपरांची आणि गुडघ्यांची कातडी उरली नव्हती. पिशव्या रिकाम्या होत्या, आणि त्याने त्या वाटेत टाकून न देता पट्ट्यांनी गळ्यात अडकवल्या होत्या. माशा आल्या होत्या. मी त्याला उलटा केला, त्याच्या ओठांवर पाणी ओतले, पुन्हा ओतले. ते कानांमागून मातीत जात राहिले, आणि स्कायवाने माझा हात धरला तेव्हा अर्धी पखाल संपली होती.

"तापात भरकटला," मी म्हणालो.

स्कायवा आम्ही आलो त्याच्या उलट दिशेने, खडकाकडे, बघत होता. धुळीत मानियुसच्या सरपटण्याची खूण होती.

"भरकटलेला माणूस इतका सरळ जात नाही, सर्वियुस."

"तापात भरकटला."

"बरं."

"तुझ्या त्या खोडीमुळे..."

"बरं म्हटलं ना," स्कायवा म्हणाला, आणि खणायला वाकला.

मी घरी परतलो तेव्हा आईला सांगितले की तिच्या थोरल्या मुलाने ऐंशी माणसांना पुढे जायला लावले आणि स्वतः हसत मागे राहिला. यातले एकही अक्षर खोटे नव्हते. तिने ते माझ्याकडून वारंवार ऐकले. शेजारणींना बोलावून ऐकवले. मग माझ्या मुलांना मी तेच सांगितले. सांगून सांगून ते इतके गुळगुळीत झाले की त्याला कुठे कड उरली नाही. मानियुस खडकाच्या सावलीत शांत बसला आहे, हात वर करून निरोप देतो आहे, एवढ्यावर मी थांबत असे. त्यापुढची वाट मी कुणालाच दाखवली नाही.

यंदा द्राक्षे उतरण्याच्या सुमारास स्कायवा माझ्या मळ्यात आला. सैन्यातून सुटल्यावर आम्हांला एकाच प्रांतात जमिनी मिळाल्या होत्या, पण इतक्या वर्षांत आम्ही भेटलो नव्हतो. मी भेटायला गेलो नव्हतो म्हणा. त्याचा एक डोळा पांढरा झाला होता आणि तोंड तसेच होते. माझ्या सुनेला त्याने विचारले, हा अजून मातीचे मुके घेतो का. जेवताना धाकट्या मुलाने काकाचा विषय काढला आणि मी नेहमीचे सांगितले. स्कायवा भाकरी मोडत ऐकत राहिला. सगळे उठून गेल्यावर म्हणाला,

"छान सांगतोस."

"खरं आहे ते."

"मी कुठं नाही म्हटलं?" त्याने ताटातले तुकडे गोळा केले. "त्या रात्री माझा पहारा खेचरांपाशी होता. छावणीच्या पार दुसऱ्या टोकाला. पान्सानेच नेमला होता."

मी त्याच्या पेल्यात मद्य ओतले.

"म्हणजे ओतणारा मी नव्हतो, हे पान्सालाही ठाऊक होतं. तरी त्याने काठी चालवली, मीही खाल्ली. कुणाचं तरी नाव त्या लोकरीला लागणारच होतं. माझं लागलं तर काय बिघडलं? मला आधीच कुणी चांगला म्हणत नव्हतं."

"मग कुणी..."

"असं विचारू नकोस रे आता. म्हातारे झालो आपण." तो चिडला नव्हता, नुसता दमला होता. "तू बोललास म्हणून झालो म्हातारे. मी, तू, सगळेच. ते पठार कोरडंच होतं, तू केलंस ते बरोबर केलंस. एवढं सांगायलाच आलो होतो. मरायच्या आधी एकदा तुला सांगावं की बरोबर केलंस."

"तो मला म्हणाला होता, सांगून टाक."

"म्हणाला."

"मी त्याला विचारलं होतं, स्कायवा. तू म्हणशील ते करतो म्हणालो होतो."

"हो ना. विचारलंस." त्याने बऱ्या डोळ्याने माझ्याकडे पाहिले. "विचारल्यावर तो दुसरं काय म्हणणार होता?"

उन्हे कलल्यावर तो गेला. मी त्याला बांधापर्यंत पोचवले. तो वळणापलीकडे दिसेनासा झाला तरी मी तिथेच उभा होतो. घरातून हाका येत होत्या आणि मला ओ देता येत नव्हती, कारण तोंड उघडले तर जे बाहेर पडले असते ते माझ्या घरात कुणीही कधी ऐकलेले नव्हते.

माझ्या भावाला जगायचे होते.